न टाकलेल्या पाईपवरून पाय उचलणारे पाष्टे

आमच्या ऑफिसच्या फाटकातून बाहेर पडलात की डाव्या हाताला चहाची टपरी आहे. त्या टपरीच्या जरा अलीकडे, अगदी सपाट डांबरी रस्त्यावर, चंद्रकांत पाष्टे रोज पाय उचलतात. चालताना सगळेच उचलतात, तसा नव्हे. उंबरठा ओलांडताना उचलतो तसा. खाली काही नसतं. दगड नाही, दोरी नाही, झोपलेलं कुत्रं नाही. तरी पाष्टे पाय उचलतात, पलीकडे टाकतात आणि पुढे चालू लागतात.

मी या ऑफिसात बदलून आले तेव्हा आधी वाटलं, गुडघ्याचं काही असेल. मग वाटलं, डोक्याचं असेल. शेवटी न राहवून विचारलंच. तर म्हणाले, "सुर्वेबाई, इथून पाईप जाणार आहे."

"जाणार आहे ना? अजून गेला नाही ना?"

"ठरलंय," पाष्टे म्हणाले. "झालं नाय."

हे त्यांचं पालुपद. पुढे ते मी इतक्या वेळा ऐकलं की आता घरी कुकरची शिट्टी व्हायची असली तरी मुलाला सांगते, ठरलंय, झालं नाय.

आता ऑफिस कसलं ते सांगते. आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. माझ्याकडे नळजोडणीचे अर्ज, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर पाष्टे, त्यांच्याकडे नकाशा. पूर्वी नकाशे कापडावर असत, गुंडाळून कपाटात ठेवलेले, झुरळांनी कडा खाल्लेले. मग सगळं कॉम्प्युटरवर आलं. रत्नागिरीपासून हातखंब्यापर्यंत आणि आजूबाजूच्या वाड्यांमध्ये जमिनीखाली जेवढे पाईप आहेत तेवढे पडद्यावर निळ्या रेघांनी दिसतात. टाकलेल्या पाईपची रेघ पक्की, सलग. जो टाकायचं नुसतं ठरलंय, त्याची रेघ तुटक. बस, एवढंच आहे ते. आमच्या शिपायालाही कळतं.

पण माणसांचं लक्ष कुठे असतं, तर पक्क्या रेघेकडे. वरून विचारणा होते ती पक्क्या रेघांची. फोटो निघतात ते पक्क्या रेघांचे. तुटक रेघांना कोणी वाली नाही. पाष्ट्यांचा सगळा जीव मात्र त्या तुटक रेघांमध्ये. म्हणायचे, "टाकलेला पाईप स्वतःची काळजी स्वतः घेतो. फुटला तर लोक बोंब मारतील. न टाकलेला फुटला, तर कोण बोंबलणार?"

न टाकलेला पाईप कसा फुटतो, हे मला कळायला बराच काळ गेला. ते पुढे येईल.

तर पाष्टे त्या तुटक रेघा जपायचे. जपायचे म्हणजे अक्षरशः. एका गृहस्थांनी कुंपणाच्या कडेला कलम लावायला खड्डा घेतला, तर पाष्टे सायकल थांबवून आत शिरले आणि कलम दोन हात आत सरकवायला लावलं. उद्या पाईप आला की मुळं त्याला आवळतील, म्हणे. गृहस्थ म्हणाले, पाईप कुठाय? पाष्टे म्हणाले, ठरलंय. आश्चर्य म्हणजे गृहस्थांनी ऐकलं. टपरीवाल्यानंही ऐकलं. त्याचं बाकडं आणि भिंत यांच्यामध्ये पाईपपुरती जागा त्यानं कधीची मोकळी सोडलीय. पाईप अजून यायचाय, लोक तिथे छत्र्या ठेवतात.

आमच्या क्लार्कच्या मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा सगळ्यांनी मुलीला आशीर्वाद दिले. पाष्ट्यांनी मुलाच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "सध्या रेघ तुटक आहे हां. जपा." बिचारा बाप घाबरला. मला जाऊन समजूत घालावी लागली की हे आमच्याकडचे आहेत, मनानं चांगले आहेत.

एकदा ऑफिसची सहल गणपतीपुळ्याला गेली. देवदर्शन झालं, मोदक झाले, सगळे पुळणीवर फिरत होतो. ओल्या वाळूत पाष्ट्यांनी एकदम पाय उचलला. मी म्हटलं, "काय हो पाष्टे, इथेसुद्धा?"

"नाय," पाष्टे म्हणाले. "खेकडा होता."

रेघ तुटकची पक्की करायची, तर त्यांची एक रीत होती. ठेकेदारानं काम झाल्याचं कळवलं, साहेबांनी सही केली, हे सगळं त्यांच्या लेखी ठीक होतं, पण पुरेसं नव्हतं. त्यांच्या पिशवीत एक पितळी फुलपात्र असायचं. ते घेऊन पाष्टे त्या पाईपच्या शेवटच्या घरी जायचे. नळ सोडायला लावायचे. फुलपात्र भरायचे आणि विचारायचे, या घरात आजवर पाणी कोणी वाहिलं? बहुतेक एखादी म्हातारी पुढे यायची, नाहीतर सून. तिच्या हातात ते फुलपात्र द्यायचे. ती प्यायली की झालं. मग ऑफिसात येऊन रेघ पक्की.

साहेब लोक वैतागायचे. एका साहेबांनी विचारलं, अहो, सासू प्यायली काय आणि ठेकेदार प्यायला काय, पाणी तेच ना? पाष्टे म्हणाले, ठेकेदारानं कधी हंडा उचललाय? साहेब हसले आणि गेले. नंतर त्यांची बदली झाली. पाष्टे तिथेच.

आणखी एक खोड सांगितली पाहिजे. आमच्याकडच्या वाड्यांमध्ये निम्म्या घरांना कुलूप. माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतात तेवढीच. मोजणीवाले म्हणायचे, बंद घरं धरू नका. पाष्टे प्रत्येक बंद घरापर्यंत एक बारीक तुटक रेघ काढायचेच, नळजोडणीची. कोणी हटकलं की म्हणायचे, "कुलूप आहे म्हणजे माणूस बाहेर गेलंय. मेलं नाय."

ते स्वतः हातखंब्याच्या पलीकडे, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, एका वाडीतले. रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी गावी जाऊन घर उघडायचे, झाडायचे, दिवा लावायचे. वहिनी मुंबईला मुलाकडे. मी कधी विचारलं की म्हणायचे, तिला मुंबई मानवते. डब्यात रोज कुळथाची पिठी आणि भात. रोज म्हणजे रोज, आणि स्वतःच्या हातची. गुठळ्यांवरून ओळखू यायची. मी कधी बांगड्याचं तिखलं आणलं की अर्धं त्यांच्या डब्याच्या झाकणात वाढायचे. ते खायचे आणि म्हणायचे, "आमच्या हिचं थोडं आंबट असायचं." मला रागच यायचा. जळ्ळं मेलं, आयतं खायचं आणि वर नावं ठेवायची.

मग ते नकाशाचं झालं.

आमची सगळी माहिती जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचं काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलं होतं. त्यांनी काय केलं, पाष्ट्यांच्या वाडीच्या बाजूला काम सुरू आहे असं वाचलं आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या तुटक रेघा एका फटक्यात पक्क्या करून टाकल्या. बाकीच्या वाड्यांत पाईप खरंच पडले होते, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. पाष्ट्यांच्या वाडीत कुदळसुद्धा लागली नव्हती. कातळ फोडायचं यंत्र यायचं होतं, ते आलंच नव्हतं. पण पडद्यावर टाकीपासून वाडीपर्यंत सुंदर, सलग, निळी रेघ.

त्यात नवीन विस्तार योजना निघाली. ज्या वाड्यांना पाणी नाही त्या योजनेत घ्यायच्या, आणि पाणी आहे की नाही हे नकाशावरून ठरायचं. पाष्ट्यांची वाडी वगळली गेली. तिथे पाणी पोचलेलंच होतं ना, नकाशावर! न टाकलेला पाईप फुटतो म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. एकदा योजना वर गेली की पुढची कधी निघेल, देवाला माहीत.

दुसऱ्या कोणाच्या वाडीचं असतं तर पाष्ट्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. पण या खेपेला माणूस गप्प. डबा उघडायचा, बंद करायचा. मी दोन दिवस पाहिलं आणि मग खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, मॅडमना सांगत का नाही?

"तुम्ही सांगा, सुर्वेबाई," पाष्टे म्हणाले. "मी सांगितलं तर त्यांना माझं घर दिसेल. वाडी नाय दिसणार."

आमच्या जाधव मॅडम सांगलीकडच्या, नव्यानं आलेल्या, कामाला चोख. मी जाऊन सरळ सांगितलं. त्यांनी पडद्यावर पाहिलं. एजन्सीनं नळाचा फोटोसुद्धा जोडला होता, बाजूला चांगली नारळाची झाडं. आता सड्यावर नारळ कुठून येणार? गवत उगवतं तेच उपकार. पण मॅडमना आमच्याकडचा सडा ठाऊक नव्हता. म्हणाल्या, कागद म्हणतो झालं, तुम्ही म्हणता नाही, तर मी डोळ्यांनी बघते. दुसऱ्याच दिवशी जीप काढली. वाट दाखवायला पाष्टे हवेत, म्हणून तेही आले, मागच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून.

मे महिना होता. सडा तव्यासारखा तापलेला. मॅडम मोबाईलवर नकाशा उघडून पुढे, मी मागे, पाष्टे सगळ्यांच्या मागे. नकाशातला ठिपका बरोबर निळ्या रेघेवर आला. मॅडम थांबल्या आणि खाली बघितलं. काळा कातळ. टाचेनं दोनदा ठोकून पाहिला. कातळच.

"म्हणजे आत्ता आपण पाईपवर उभे आहोत," मॅडम म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "नकाशाप्रमाणे पाणी जोरात वाहतंय."

मॅडमना हसू आलं, पण त्या पुढे चालू लागल्या. वाडीत पहिलं घर पार्वतीकाकूंचं. सत्तरीच्या पुढच्या, पण काठीबिठी काही नाही. आम्हाला ओटीवर बसवलं, गूळ-पाणी पुढे केलं. मॅडमनी विचारलं, आजी, नळ कुठे आहे? काकूंनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग मोबाईलकडे.

"हितं नल नाय बाय. तुज्या मोबायलात आसंल तर त्यातनंच काड पानी."

मॅडम पाणी पीत होत्या, त्यांना ठसका लागला. मग विचारलं, हे कुठून आणलं? काकूंनी उतारावर खाली बोट दाखवलं. विहीर दिसतही नव्हती, नुसती घसरडी पायवाट खाली जाताना दिसत होती. मॅडमनी भांड्यात उरलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि ते सगळं पिऊन टाकलं. थेंब ठेवला नाही. "रेघ तुटक करा," एवढंच मला म्हणाल्या. "योजनेचं मी बघते."

मग त्या वाडी बघायला निघाल्या आणि आम्ही मागोमाग. तेव्हा मला एक गंमत दिसली. पाष्टे प्रत्येक घराच्या अंगणात पाय उचलत होते. कुलूप असलेल्या घरांच्या अंगणातसुद्धा, पडवीच्या अलीकडे, बरोबर. शेवटचं घर त्यांचं स्वतःचं. चिरेबंदी, लहान, स्वच्छ सारवलेलं अंगण. त्या अंगणातून मात्र पाष्टे सरळ चालत गेले. पाय उचललाच नाही.

मी काकूंजवळ रेंगाळले. म्हटलं, वहिनींना मुंबई फार आवडते वाटतं? काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सांगितलं. त्या पायवाटेवर पाष्टेवहिनी भरल्या हंड्यासकट घसरल्या होत्या. कंबर धरली ती धरलीच. मुलगा येऊन घेऊन गेला. रत्नागिरीच्या खोलीत राहायला त्या तयार नव्हत्या. राहीन तर माझ्या घरात, नाहीतर लेकाच्या. जाताना नवऱ्याला सांगून गेल्या होत्या, दारात नळ आला की येतंय.

मला स्वतःची थोडी लाज वाटली, आणि त्या माणसाबद्दल फार माया वाटली. 

ऑफिसात येऊन पाष्ट्यांनी नकाशा उघडला आणि वाडीच्या रेघा पुन्हा तुटक केल्या. वाडीतल्या प्रत्येक घराला बारीक तुटक रेघ होती. विरारला गेलेल्यांना होती, वर्षानुवर्षं न आलेल्यांना होती. पाष्ट्यांच्या घराला नव्हती. मी विचारलं, हे काय?

"माझ्या घराची रेघ मीच कशी काढू?" पाष्टे म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

म्हटलं, उठा त्या खुर्चीवरून. त्यांना चहाला पिटाळलं, त्यांच्या नावानं नळजोडणीचा अर्ज भरून त्यावर माझी सही ठोकली आणि मुख्य पाईपपासून त्यांच्या पडवीपर्यंत रेघ काढली. मला रेघा काढायची सवय नाही, म्हणून जरा वाकडी आली. परत येऊन त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "वाकडी आहे," म्हणाले. "असू दे. टाकताना सरळ करू."

वाडी योजनेत आली. कातळ फोडायचं यंत्र आलं, सडा दणाणला, पावसाळ्यात काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. त्या सगळ्या काळात मी एकदा वाडीत गेले होते, तेव्हा पाष्टे आपल्या अंगणात पाय उचलताना दिसले. चांगला गुडघ्याइतका वर.

पाणी आलं त्या दिवशी वाडीनं आम्हाला बोलावलं. नारळ फुटला. वाडीच्या वतीनं पार्वतीकाकूंनी पितळी फुलपात्रातलं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि जाहीर केलं की विहिरीच्या पाण्याची चव याला नाही. म्हणजे मान्य झालं. मग सगळे शेवटच्या घराकडे आले. पाष्ट्यांनी आधी खिशातून मोबाईल काढला, मुंबईला लावला, स्पीकर चालू केला आणि बोलले काहीच नाहीत. नळ सोडला आणि मोबाईल त्या धारेजवळ धरून उभे राहिले.

 नुसतं पाणी चिऱ्यावर पडत होतं. वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. मला वाटलं, फोन कट झाला. एवढ्यात आवाज आला, जरा घोगरा.

"आवो, खाली कलशी लावा आदी. पानी फुकट चाललाय."

पाष्ट्यांनी घाईघाईनं कळशी लावली. माझे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

मी फुलपात्र पुढे केलं. त्यांनी ते धुऊन, पुसून पिशवीत ठेवलं. म्हणाले, या घरात पाणी तिनं वाहिलंय, मी तर ऑफिसात होतो. डॉक्टरांनी वहिनींना प्रवासाची परवानगी अजून दिलेली नव्हती. तोवर ती रेघ पक्की करायची नाही. आणि खरंच, हा गृहस्थ स्वतःच्या दारात नळ असून प्यायला पाणी पार्वतीकाकूंकडून आणायचा.

पुढच्या आढाव्याला जाधव मॅडमनी नकाशा भिंतीवर लावला. सगळी वाडी पक्की निळी आणि शेवटी ती एक बारीक, वाकडी, तुटक रेघ. एवढंच काम का राहिलं, म्हणून त्यांनी विचारलं. पाष्टे खाली मान घालून बसले होते. मीच उठले.

"काम झालंय, मॅडम. पाणीही आलंय. माणूस यायचंय."

मॅडमनी त्या रेघेकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाल्या आणि पुढच्या वाडीकडे वळल्या.

मग मध्ये बरेच दिवस गेले. एका सोमवारी पाष्टे ऑफिसात उशिरा आले. असं आधी कधी झालेलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून फुलपात्र काढून टेबलावर पालथं घातलं, ते अजून ओलं होतं. जेवायच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला. कुळथाची पिठी नव्हती. पांढरेशुभ्र, जाळीदार घावणे होते, काळ्या वाटाण्यांची उसळ होती, आणि एका छोट्या डबीत बांगड्याचं तिखलं. ती डबी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मी एक घास खाल्ला. खरंच थोडं आंबट होतं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

हात धुतले, त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले, नकाशा उघडला आणि ती वाकडी रेघ पक्की केली.